आईची निगा हीच बाळाची निगा

सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका, पाण्याचा थेंबसुद्धा नको, असं डॉक्टर बजावून सांगतात. आणि त्याच घरात सकाळी सहाणेवर गुटी उगाळली जाते. कपाटात ‘संपूर्ण नैसर्गिक’ असा शिक्का असलेल्या तेलांच्या नि पावडरींच्या बाटल्या येऊन पडलेल्या असतात. भेटायला आलेल्या आत्याबाई, मावशी, शेजारच्या काकू जाता जाता सांगून जातात, ‘‘आमच्या वेळी कुठे होतं हे डॉक्टर-बिक्टर? आईला सगळं आपोआप येतं गं!’’ गुटी, ‘नैसर्गिक’ बाटल्या आणि ‘आपोआप येतं’, ही तिन्ही मतं निसर्गाचं नाव घेतात. तिन्ही मला अमान्य आहेत, आणि निसर्गावर माझा पूर्ण विश्वास असल्यामुळेच अमान्य आहेत.

आधी जुन्या रीतीच्या बाजूचं म्हणणं नीट मांडते, कारण ते उडवून लावण्यासारखं नाही. बाळाला आईच्या कुशीतच निजवावं, जुन्या सुती लुगड्याच्या मऊ दुपट्यात गुंडाळावं, रोज तेल लावावं, बाळंतिणीला सव्वा महिना घरकामाला हात लावू देऊ नये, तिला डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर द्यावी, तिचं अंग शेकावं. यात शहाणपण आहे. न्हाऊ घालणारी बाई पाटावर पाय पसरून बसते, बाळाला पिंढऱ्यांवर पालथं घालते, कोमट तेलाचे तळवे त्याच्या पाठीवरून सावकाश फिरवते आणि रडून लाल झालेलं पोर हळूहळू सैल पडतं. हे ज्याने पाहिलं आहे तो मालिशीला अडाणी म्हणणार नाही. माझा वाद या रीतींशी नाही. जुनं आहे म्हणून सगळंच निर्धोक, या समजुतीशी आहे.

गुटीचंच घ्या. मुरुडशेंग, हळकुंड, वेखंड, बाळहिरडा, अतिविष, जायफळ, काकडशिंगी, एकेकाचे ठरलेले वेढे सहाणेवर द्यायचे आणि बाळ वाढेल तसे वेढे वाढवायचे. वेढा म्हणजे किती? एका हाताचा वेढा हलका, दुसऱ्याचा दाबून. सहाण ओली, पाणी कुठलं ते ठाऊक नाही, डब्यातल्या मुळ्यांना पावसाळ्यात बुरशी धरलेली. जायफळ जास्त पडलं की बाळ गुंगून पडतं आणि घरातले म्हणतात, ‘‘बघ, गुटी मानवली!’’ गुंगी म्हणजे स्वास्थ्य नव्हे. शिवाय महिन्याच्या बाळाचं पोट केवढंसं, त्यात जे वरचं जाईल ते आईच्या दुधाची जागा खाईल.

जन्मल्या जन्मल्या मध चाटवणं त्याहून घातक. मधात एका जिवाणूचे बीजकण असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते निमूट विरून जातात, वर्षाआतल्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि त्यांच्या विषाने स्नायू लुळे पडतात. काजळात शिसं असू शकतं. ओवा, वावडिंग, लसणाच्या सालींची धुरी बंद खोलीत दिली की तो धूर कोवळ्या फुप्फुसांत जातो. नाळेला हळद-राख लावू नये, ती कोरडी ठेवावी. बाळाच्या नाकाकानात तेल ओतू नये, त्याची छाती पिळू नये. आणि पहिल्या दिवसांतला पिवळसर, दाट चीक ‘जड असतो’ म्हणून काढून टाकणं ही तर निसर्गाने पहिल्याच तासाला पुढे केलेली ढाल फेकून देण्याची रीत होती. त्या थोड्याशा चिकात रोगप्रतिकारक द्रव्यांचा साठा असतो.

‘‘पण आम्ही सगळे गुटीवरच वाढलो ना!’’ हे उत्तर ठरलेलं असतं. वाढले ते बोलायला उरले. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १२९ बाळं वर्षाची होण्याआधी जात. २०२० साली हा आकडा २८ वर आला, महाराष्ट्रात १६ वर. त्या काळातल्या कुठल्याही आजीला विचारा, ‘‘तुम्हांला मुलं किती झाली?’’ आणि मग विचारा, ‘‘राहिली किती?’’ दोन उत्तरं वेगळी येतात. जुन्या काळाबद्दल आदर बाळगायचा तर त्या न राहिलेल्या लेकरांचाही हिशेब धरला पाहिजे.

याच धाग्यातून लसीविरुद्धचा सूर निघतो. अंगावर पिणाऱ्या बाळाला आईकडून प्रतिकारशक्ती मिळते, मग सुया कशाला? आईकडून मिळते हे खरं. पण जन्माआधी नाळेतून आलेली प्रतिद्रव्यं काही महिन्यांत ओसरतात, आणि दूध सर्व रोगांना पुरं पडत नाही. २०२२च्या अखेरीस मुंबईत, गोवंडीसारख्या दाटीच्या वस्त्यांत गोवराची साथ आली आणि मुलं दगावली. गोवरही निसर्गातूनच येतो. लस बाळाच्या शरीरात आधीपासून असलेल्या शक्तीलाच शत्रूची ओळख करून देते. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या सुया चुकवणारी आई निसर्गाच्या बाजूने उभी राहत नाही, बाळाला एकटं सोडते.

आता बाजाराकडे वळू. डब्यातल्या दुधाचा प्रश्न सगळ्यांत मोठा, कारण तो एका वाक्यातून घरात शिरतो: ‘‘सूनबाई, दूध पुरत नाही गं त्याला.’’ बाळ संध्याकाळी किरकिरतं, तासातासाला अंगावर येतं, म्हणून कुणीतरी हे म्हणतं. पण दूध साठवून ठेवलेलं नसतं, ते मागणीप्रमाणे तयार होतं. बाळ जितकं ओढतं तितकं येतं, आणि दूध आणणारं संप्रेरक रात्री अधिक स्रवतं, म्हणून रात्रीचं पाजणं मोलाचं. पहिली बाटली दिली की बाळ अंगावर कमी ओढतं, कमी ओढलं की दूध आटतं, मग दुसरी बाटली लागते, आणि आठवड्याभरात सासूबाईंचं वाक्य खरं ठरतं. बाळाला पुरतं की नाही हे रडण्यावरून ठरवायचं नसतं. पहिला आठवडा सरल्यावर दिवसाला सहा किंवा अधिक लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल तर दूध पुरतं आहे. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरणं साहजिक असतं, दोनेक आठवड्यांत ते भरून येतं.

सरकारनेही हे ओळखलं. १९९२ साली आपल्या देशात बालदुधाच्या पर्यायांबाबत कायदा झाला, २००३ साली तो कडक झाला, आणि दोन वर्षांआतल्या बाळांसाठीच्या दुधाच्या डब्यांची, बाटल्यांची जाहिरात करणं गुन्हा ठरलं. पण इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. काही आयांना आजारपणामुळे, औषधांमुळे किंवा शरीराच्या अन्य कारणांनी खरोखर दूध पुरेसं येत नाही. त्यांच्या बाळाला डॉक्टरांच्या सल्ल्याने दिलेलं वरचं दूध हे औषध आहे, आणि त्या आईला कुणी नावं ठेवू नयेत. अशा वेळेसाठीच मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मानवी दुधाची पेढी सुरू केली, आशियातली ती पहिली. एका आईचं दूध दुसरीच्या बाळाला मिळावं ही जुनीच माया, फक्त तपासलेली आणि निर्जंतुक केलेली.

तिसरं मत सगळ्यांत गोड शब्दांत येतं आणि सगळ्यांत जास्त घाव घालतं. आईला सगळं आपोआप येतं. येत नाही. बाळाने स्तनाग्रापुरतं न धरता भोवतीचा काळा भागही तोंडात घ्यायला हवा, नाहीतर भेगा पडतात आणि आई प्रत्येक पाजण्याच्या वेळी दात आवळून रडते. हे शिकावं लागतं. पूर्वी पोरगी दहा वर्षांची होईपर्यंत काकूला, मामीला, थोरल्या बहिणीला पाजताना शंभरदा पाहत असे. आज पुष्कळ मुली पहिलं तान्हं बाळ मांडीवर घेतात ते आपलं स्वतःचं. शिकवणारं कुणी नाही, आणि जमलं नाही की ‘‘आईच ना तू?’’ हा प्रश्न तयार. सिझेरियन झालेल्या बाईला तर टाके ओले असतानाच ऐकवलं जातं की तिचं बाळंतपण ‘नॉर्मल’ झालं नाही. आई आणि बाळ दोघं सुखरूप घरी आली, याहून मोठं काय हवं?

‘कापडी लंगोटच वापरा’ हा सल्ला पाहा. सुती कापड चांगलंच, त्वचेला वारा लागतो. पण दिवसाचे पंधरा-वीस लंगोट धुणार कोण? जुलैत मुंबईच्या दोन खोल्यांत ते वाळणार कुठे? दमट लंगोट बांधला तर चट्टे पडतात. सल्ला देणाऱ्याने आधी धुण्याची बादली उचलावी. ती उचलायला घरात कुणी नसेल तर रात्रीपुरता डायपर बांधणारी आई शहाणी आहे. रात्री दोन वाजता उठून पाजणारी, पुन्हा चारला उठणारी, आणि ‘‘त्याला सकाळी ऑफिस आहे’’ म्हणून नवऱ्याला हाक न मारणारी बाई निसर्गाचा नियम पाळत नसते. घराने तिच्यावर टाकलेलं ओझं वाहत असते. कारण नसताना येणारं रडू, बाळाकडे पाहूनही काही न वाटणं, जगणं नकोसं होणं हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि त्याला ‘नखरे’ म्हणणं हा गुन्हा आहे.

मग खरी नैसर्गिक निगा कोणती? माझ्या मते ती चार गोष्टींत सामावते: आईचं दूध, आईबापाचा स्पर्श, ऊब आणि स्वच्छता. आणि या चारही गोष्टी आईच्या विश्रांतीवर उभ्या आहेत.

स्पर्शाचं सामर्थ्य पाहा. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात उबवणपेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आयांच्या उघड्या छातीवर बांधून ठेवायला सुरुवात केली. बाळांनी ऊब धरली, दूध ओढलं. त्यालाच कांगारू पद्धत म्हणतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही ज्यात होतं अशा पाच देशांतल्या अभ्यासात दिसलं की कमी वजनाच्या बाळांना जन्मल्यावर लगेच असं ठेवलं तर मृत्यू चतुर्थांशाने घटतात. हा स्पर्श बापालाही देता येतो. बापाच्या छातीलाही तीच ऊब असते.

आणि निसर्ग की विज्ञान हे भांडणच खोटं आहे, याचा पुरावा आपल्या गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळांची घरी निगा राखायला शिकवलं. ‘आरोग्यदूत’ म्हणून त्या घरोघर गेल्या. त्यांनी आयांना बाळ उबेत ठेवायला, लवकर पाजायला सांगितलं, बाळाचं वजन केलं, श्वास मोजला, आणि जंतुसंसर्गाची चिन्हं दिसली तेव्हा प्रतिजैविकाचं इंजेक्शनही दिलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे काम छापून आलं: त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. एकाच बाईच्या पिशवीत बाळाला गुंडाळायचं उबदार कापडही होतं आणि सुईही. पुढे हीच पद्धत देशभर आशाताईंकडे गेली. नवजात बाळाच्या निगेसाठी आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, त्यातली शेवटची भेट ४२ व्या दिवशी असते. आपल्या आज्यांचा सव्वा महिना आणि सरकारचे ४२ दिवस जवळपास एकाच जागी येऊन थांबतात, कारण दोघांनीही एकच सत्य ओळखलं होतं: बाळंतीण एकटी पडता कामा नये.

आज ती एकटी पडते ती घराबाहेरच्या रचनेमुळेही. २०१७ पासून कायद्याने २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा आहे. त्यातले आठ आठवडे प्रसूतीआधी गेले तर हातात १८ राहतात, म्हणजे चार महिने आणि थोडे दिवस. डॉक्टर सहा महिने फक्त अंगावर पाजा म्हणतात. मधले दोन महिने त्या आईने कुठून आणायचे? पन्नास किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं, असंही कायदा म्हणतो. किती कचेऱ्यांत ते पाळणाघर दिसतं? आणि ऊसतोडीच्या फडावर, वीटभट्टीवर, घरकामाला जाणाऱ्या बाईला तर ही रजाच नाही. ती ओली बाळंतीण पाचटात बाळ ठेवून कोयता हातात घेते. तिला नैसर्गिक निगेचे धडे देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आपण हिरकणीचं कौतुक करतो. रायगडाचे दरवाजे मिटले म्हणून अंधारात कडा उतरून तान्ह्याकडे गेलेली ती गवळण आपल्या मनात घर करून आहे, आणि एसटी स्थानकांवरच्या स्तनपानाच्या खोल्यांना तिचं नाव दिलं आहे, हे योग्यच. पण त्या आख्यायिकेतून आईने रोज कडा उतरावा एवढाच धडा घेणार असू तर तो अपुरा आहे. दरवाजा उघडा ठेवणं हे आपलं काम आहे.

म्हणून ज्यांना बाळाची नैसर्गिक निगा राखायची आहे त्यांनी आईला उपदेश करणं थांबवावं आणि कामं वाटून घ्यावीत. नवऱ्याने रात्रीचे लंगोट बदलावेत, ढेकर काढावी, बाळाला छातीशी घ्यावं आणि सकाळी डबा स्वतः भरावा. सासूबाईंनी सहाण बाजूला ठेवून सुनेच्या ताटात गरम भाकरी वाढावी, तिच्या पाठीला तेल लावावं. भेटायला येणाऱ्यांनी बाळाचा पापा घेण्याआधी हात धुवावेत आणि निघताना सिंकमधली भांडी घासून जावं. मालकांनी रजा आणि पाळणाघर उपकार म्हणून न देता हक्क म्हणून द्यावं. मजूर आईला तिच्या बुडालेल्या मजुरीएवढे पैसे सरकारने द्यावेत, कारण तिचं दूधही या देशाच्या पोषणाचा भाग आहे. निसर्गाने आईच्या शरीरात बाळाला लागणारं जवळजवळ सगळं ठेवलं आहे. ते शरीर जेवलेलं, झोपलेलं आणि निर्धास्त ठेवणं हे बाकीच्या सगळ्यांचं कर्तव्य आहे, आणि ते टाळणाऱ्याने निसर्गाचं नाव तोंडी घेऊ नये.