गोळ्या चालू आहेत, पण जीव रमत नाही

भोसरी ते चाकण या पट्ट्यात एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांमध्ये मी काही वर्षं काम करते आहे. ‘कशा आहात मावशी?’ असं विचारलं, की ठरलेलं उत्तर येतं, “बरी आहे. गोळ्या चालू आहेत.” मीही समाधानाने वहीत खूण करायचे. समाजकार्याची पदवी घेताना शिकले होते, की गोळ्या नियमित असल्या की निम्मं काम झालं. राहिलेल्या निम्म्या कामाबद्दल मी फारसा विचार केला नव्हता.

एका मावशींनी तो करायला लावला. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय चौपन्न. नवरा ट्रकवर होता, २००१ साली गेला. ‘हिनेच खाल्लं त्याला’ म्हणून सासरच्यांनी दोन लेकरांसह बाहेर काढलं. त्यांनी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये जॉबचे बर काढले, मग कॅन्टीनमध्ये चपात्या लाटल्या. मुलगा आयटीआय झाला, चाकणला कंत्राटी कामाला लागला, लग्न झालं. मोशीच्या दोन खोल्यांत आता सून आहे, नातू आहे. सुनेला काही माहीत नाही. गोळ्यांची बाटली लेबल खरवडून तांदळाच्या डब्यात ठेवलेली असते.

या मावशींनी दोन महिने गोळ्या बंद केल्या होत्या. मी विचारलं, “विसरलात का? त्रास होत होता का?” त्या म्हणाल्या, “विसरले नाही गं पोरी. पोरं मोठी होईस्तोवर जगायचं होतं, जगले. आता कुणासाठी घ्यायच्या?”

माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. आमच्या छापील फॉर्ममध्ये असा रकानाच नव्हता.

मैत्रिणींनो, ही पिढी कुठून आली ते आठवून पाहा. भोसरीच्या एमआयडीसीत १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या आणि वेश्याव्यवसायात नसलेल्या ३९१ बायकांपैकी शेकडा तेरा-चौदा जणींना लागण झालेली आढळली. नवऱ्याखेरीज दुसरा पुरुष माहीत नसलेल्या बायका त्यात होत्या. सरकारने मोफत औषधं द्यायला सुरुवात केली ती १ एप्रिल २००४ला. नवरे त्याआधीच गेले होते, बायका मागे राहिल्या. औषधामुळे त्या जगल्या, ही मोठीच गोष्ट. पण तिशीत ज्यांना ‘पाच वर्षं’ सांगितली गेली होती, त्या आज पन्नाशी-साठीत आहेत, आणि म्हातारपणाची तयारी कुणीच केलेली नाही. त्यांनी नाही आणि आपणही नाही.

नैराश्य हा शब्द त्या वापरत नाहीत. त्या म्हणतात, जीव रमत नाही. डोकं जड होतं. झोप येत नाही. कशाची गोडी वाटत नाही. दवाखान्यात यावर ताकदीच्या गोळ्या मिळतात. पाळी जाण्याचं वय, हाडांची झीज, साखर, रक्तदाब हे सगळं एकत्र येतं, आणि मन त्या यादीत बसत नाही.

इथे आमच्यासारख्यांचीही चूक सांगायला हवी. रात्री घ्यायच्या एका गोळीत बरीच वर्षं एफाविरेन्झ हे औषध असायचं. त्याने काहींना भयंकर स्वप्नं पडतात, झोप उडते, उदास वाटतं, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक होतं. बायका सांगायच्या, आणि आम्ही म्हणायचो, “तुम्ही विचार फार करता.” त्याआधीच्या स्टॅव्हुडिन या औषधाने कित्येकींचे गाल बसले, हातपाय काटकुळे झाले. चेहराच चुगली करायला लागला तेव्हा त्यांनी लग्नकार्याला जाणं सोडलं. औषधं बदलली, पण सुटलेलं येणं-जाणं परत जोडलं गेलं नाही.

आता तब्येत स्थिर असेल तर एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या मिळतात. खाडा वाचतो, बसभाडं वाचतं, हे चांगलंच झालं. पण दर महिन्याच्या त्या रांगेत बायका एकमेकींशी बोलायच्या. नाव लपवावं लागत नाही अशी त्यांची ती एकच जागा होती. फेऱ्या कमी झाल्या, तशा गप्पाही गेल्या.

आणि घरात? मावशी नातवाचा मुका घेत नाहीत. जेवणाने, भांड्याने, कुशीत घेण्याने काही पसरत नाही, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत आहे. औषधाने विषाणू तपासणीत सापडेनासा झाला की शरीरसंबंधातूनही तो जात नाही, हे आता सिद्ध झालं आहे. पण माहीत असणं वेगळं आणि मनाला धीर होणं वेगळं. पंचवीस वर्षं ‘लांब राहा’ ऐकलेलं शरीर लगेच जवळ येत नाही.

काही कार्यकर्त्या म्हणतात, “आधी पोटाचा प्रश्न, मग मनाचा.” मला ही वाटणी पटत नाही. मन खचलं की गोळ्या सुटतात. गोळ्या सुटल्या की टीबीसारखे आजार मागे लागतात, खाडे होतात, आणि कंत्राटदार दुसरी बाई ठेवतो. उलट बाजूही खरी आहे. हातात स्वतःचे चार पैसे नसतील तर नुसत्या समुपदेशनाने उभारी येत नाही. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान २०२३ साली हजाराचं दीड हजार झालं. तेवढ्यात मोशी-चाकणला खोलीचं भाडंही भागत नाही. तरी ते पैसे सुनेपुढे हात न पसरता येतात, म्हणून मावशींना त्यांचं मोल आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे. एचआयव्ही आहे म्हणून काम करू शकणाऱ्या माणसाची नोकरी नाकारता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ सालीच एका रोजंदारी कामगाराच्या खटल्यात सांगितलं. १० सप्टेंबर २०१८पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने नोकरी, उपचार आणि निवाऱ्यातल्या भेदभावाला बंदी केली आहे. नोकरीची अट म्हणून एचआयव्ही तपासणी करता येत नाही, संमतीशिवाय कुणाची माहिती उघड करता येत नाही. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी असायलाच हवा. चाकणच्या किती कारखान्यांत तो आहे, हे आपण संघटनेतर्फे जाऊन कधी विचारलं आहे का?

आपण या बायकांना मंचावर बोलावलं ते १ डिसेंबरला. त्यांची कहाणी ऐकली, डोळे पुसले, टाळ्या वाजवल्या. एकट्या स्त्रियांच्या परिषदा घेतल्या, तेव्हा परित्यक्ता आणि विधवांबरोबर त्यांची नोंद वेगळी केली का? प्रकल्पाचा निधी संपला तसे आपणही दुसऱ्या प्रश्नांकडे वळलो. मीही वळले होते.

मला सुचतं ते असं. औषधं देताना प्रत्येक भेटीत झोप, भूक, उदासी आणि ‘जगू नये असं वाटतं का’ हे विचारलं जावं. हे प्रश्न दहा मिनिटांचे आहेत. नैराश्यावरची औषधं लागली तर संकोच नको, मात्र एचआयव्हीच्या डॉक्टरांना सांगूनच ती घ्यावीत. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. तो नंबर प्रत्येकीकडे असावा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका या बायकांना सुमारे सहापट असतो. ती तपासणी आपण सोबत जाऊन करून घ्यावी. आणि घरात सांगायचं की नाही, हा निर्णय तिचा. त्यासाठी तिच्यावर दबाव आणणं हीसुद्धा हिंसाच आहे.

आम्ही भोसरीत एका बालवाडीच्या खोलीत महिन्यातून एकदा बसतो. दहा-बारा जणी येतात. अजेंडा नसतो, सह्या नसतात. कुणी लसणीच्या पाकळ्या सोलत बसतं, कुणी रडतं, कधीकधी खूप हसतो.

मावशींनी गोळ्या परत सुरू केल्या आहेत. नैराश्यावरही उपचार चालू आहेत. सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. सुनेला अजून सांगितलेलं नाही. पण परवा ‘कशा आहात?’ विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “आज बरं वाटत नाही. बस जरा.”

मी बसले. तुमच्या वस्तीतही अशी एखादी मावशी असेल. तिला गोळ्यांच्या पलीकडचं विचारा, आणि ती बोलायला लागेपर्यंत थांबा.