फौजदाराची पदवी कुठली?

फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयातील तरुण महिला डॉक्टरने ऑक्टोबर २०२५ मध्ये तळहातावर मजकूर लिहून आत्महत्या केली आणि त्या मजकुरात एका फौजदाराचे नाव निघाले. पुढचे सारे रिवाजाप्रमाणे पार पडले. निलंबन, अटक, विशेष तपास पथक, पुढाऱ्यांच्या भेटी, आरोप-प्रत्यारोप. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. पण याच प्रकरणातली दुसरी तक्रार या गदारोळात मागे पडली. अटकेतल्या आरोपींची तंदुरुस्तीची प्रमाणपत्रे हवी तशी मिळावीत म्हणून पोलीस दबाव आणतात, हे या डॉक्टरने त्याआधीच लेखी कळवले होते. आता कायदा काय सांगतो? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ प्रमाणे अटक झालेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे, अंगावरच्या जखमांची नोंद झाली पाहिजे आणि अहवालाची प्रत त्याच्या हाती पडली पाहिजे. ही तपासणी आरोपीच्या संरक्षणासाठी आहे, पोलिसांच्या सोयीसाठी नाही. अर्ध्या रात्री आरोपीला रुग्णालयात घेऊन येणाऱ्या किती अंमलदारांना हे कुणी नीट शिकवले आहे? ‘फिट’ असा शेरा मिळाला की काम संपले, एवढेच त्यांना ठाऊक. उर्मटपणाला निलंबनाचा इलाज असेलही, अज्ञानाला नाही.

या अज्ञानाची सोय आपणच करून ठेवली आहे. पोलीस शिपाई व्हायला बारावी पुरते, फौजदार व्हायला कोणतीही पदवी चालते. भूगोल चालतो, हिंदी चालते, वाणिज्य चालते. सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर भरती अकादम्यांचे फलक लागले आहेत. पहाटे सोळाशे मीटर धावणे, गोळाफेक, मग दुपारभर चालू घडामोडी. त्यातून निवडलेला तरुण तुरचीच्या किंवा नाशिकच्या प्रशिक्षणातून बाहेर पडतो आणि तपासाचा कागद हातात घेतो. तो कागद म्हणजे पंचनामा. ठरलेले पंच, ठरलेली वाक्ये, घटनास्थळी न जाताच झालेल्या सह्या. खटला उभा राहिला की पंच फितूर होतात आणि आरोपी सुटतो. आता १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक झाले. मोबाइलमधला पुरावा द्यायचा तर ‘हॅश’ मूल्यासह दोन भागांचे प्रमाणपत्र लागते आणि त्यातला एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे आहे, त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदतही दिली आहे. गाड्या खरेदी होतील. गाडीतून उतरणारा माणूस कुठून आणणार? गुन्हा, तपास, खटला, शिक्षा आणि सुटका ही सगळी साखळी ‘गुन्हेगारी न्याय’ या नावाने पदवीचा मुख्य विषय म्हणून शिकवल्याशिवाय तो मिळणार नाही.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना तर हा विषय शिकायला बाहेरची उदाहरणे शोधावी लागत नाहीत. वाईजवळच्या धोम परिसरात २०१६ च्या ऑगस्टमध्ये पुरलेले मृतदेह निघाले, तेव्हा त्या खूनमालिकेतले पहिले बेपत्ता प्रकरण २००३ सालचे असल्याचे उघड झाले. तेरा वर्षे ‘मिसिंग’च्या नोंदी वेगवेगळ्या फायलींत पडून होत्या आणि त्या शेजारी ठेवून वाचाव्यात असे कुणाला वाटले नाही. मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये मार्च २०१७ मध्ये एकोणीस भ्रूण पुरलेले सापडले, तेही एका विवाहितेच्या गर्भपातातील मृत्यूचा तपास करताना. त्याच म्हैसाळमध्ये जून २०२२ मध्ये एका कुटुंबातील नऊ जण मृत आढळले. चिठ्ठ्यांत सावकारांची नावे होती, सावकारांना अटक झाली आणि आठवडाभरात तपास मांत्रिकाच्या विषप्रयोगाकडे वळला. इथे पोलिसांनी पहिल्या समजुतीला चिकटून न राहता पुरावा तपासला, हे मान्य केलेच पाहिजे. आणि सांगली शहर पोलीस ठाण्यातल्या २०१७ च्या नोव्हेंबरचे काय? कोठडीत मारहाणीने तरुणाचा मृत्यू, आरोपी पळाल्याचा बनाव आणि आंबोलीत जाळलेला मृतदेह, असे आरोप खुद्द पोलिसांवरच ठेवले गेले. एकाही वर्गात ही प्रकरणे पुराव्यांसह उलगडली जात नसतील, तर ती चहाच्या टपरीवरच्या गप्पांत विरतील.

हा विषय केवळ पोलिसांचा आहे, हा गैरसमजही इथेच मोडतो. आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर पाहा. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने १९३९ मध्ये तिथे भिंतीविना कैद्यांची वसाहत उभी राहिली. खुनाची शिक्षा झालेली माणसे तिथे शेती करत. ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटाची प्रेरणा तीच. त्याची कथा लिहिणारे गदिमा याच आटपाडी परिसरातले. देशभरातून पाहुणे यायला हवेत अशी ही जागा. पण सांगलीच्या महाविद्यालयांतील किती विद्यार्थ्यांची सहल तिथे जाते? त्याऐवजी महाबळेश्वरला जाते. आणि तुरुंगांची आजची स्थिती अशी की देशातल्या कैद्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, म्हणजे दोष सिद्ध न झालेले. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला तर त्याला बंधपत्रावर सोडावे, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ म्हणते. जन्मठेपेचे आणि फाशीचे गुन्हे त्यातून वगळले आहेत. ही गणिते कारागृहात बसून करणारा पदवीधर कोण आहे? पारधी वस्तीचा प्रश्न वेगळाच. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये गेला, पण चोरी झाली की पोलिसांची पहिली गाडी अजून त्याच वस्तीकडे वळते. ही सवय कुठून आली हे न शिकता फौजदार झालेला तरुण तीच सवय पुढे चालवतो.

यावर विधी महाविद्यालये आहेत की, असे उत्तर येते. आहेत, आणि तिथे कलमे शिकवतात. तुरुंग, परिविक्षा, बालन्याय, पीडितांची नुकसानभरपाई, पोलीस ठाण्याचे अंदाजपत्रक हे विषय वकिलीच्या अभ्यासात काठावरच राहतात. पदवीला नोकरी कुठली, हा दुसरा आक्षेप. परिविक्षा अधिकारी, बालकल्याण समित्या, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, कारागृह सेवा, बँकांतील फसवणूक तपास, ही कामे आजही मनुष्यबळाअभावी रखडतात. शिवाय इतिहासाच्या पदवीला नोकरी कुठली हे कुणी विचारत नाही. खरा धोका तिसरा आहे आणि तो अमेरिकेने दाखवला. १९६८ च्या कायद्यानंतर तिथल्या केंद्र सरकारने या शिक्षणासाठी पैसा ओतला, शेकडो महाविद्यालयांत हा विषय सुरू झाला आणि १९७८ मध्ये लॉरेन्स शर्मन यांच्या अहवालाने सांगितले की यातले बरेच अभ्यासक्रम म्हणजे निवृत्त पोलिसांनी चालवलेले खालच्या दर्जाचे प्रशिक्षण आहे. आपल्याकडे तेच होईल. ‘अकादमी’चा फलक काढून ‘विभाग’ असा फलक लागेल आणि पदवीच्या नावाखाली भरतीची तयारी विकली जाईल. म्हणून हा विषय समाजशास्त्र, कायदा, न्यायवैद्यक आणि आकडेशास्त्राच्या प्राध्यापकांनी चालवावा, निवृत्त अधिकाऱ्यांना पाहुणे म्हणून बोलवावे आणि सारे मराठीत शिकवावे. फिर्याद मराठीत, जबाब मराठीत, खालच्या न्यायालयाचे काम मराठीत, मग पुस्तके का इंग्रजीत?

मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात यावे म्हणून सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी चार दशके लढा दिला आणि ते १८ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाले. त्याचे कौतुक खूप झाले. पण तिथे पोहोचणारा प्रत्येक फौजदारी कागद फलटण, वाई, मिरज, आटपाडी इथल्या कुठल्या तरी ठाण्यात लिहिला जातो, आणि तिथे निष्काळजीने लिहिलेले वाक्य बेंचवर दुरुस्त होत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने मेजर-मायनरची व्यवस्था आणली आहे, पण गुन्हेगारी न्याय हे नाव मात्र त्यात घालावेसे इथे फारसे कुणाला वाटत नाही. साताऱ्याच्या कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाला आपला अभ्यासक्रम स्वतः आखता येतो, त्यासाठी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. सांगलीसाठी शिवाजी विद्यापीठाने हालचाल करावी. येत्या जूनच्या प्रवेशाच्या माहितीपत्रकात हा विषय छापलेला दिसला पाहिजे. ‘समिती नेमली आहे’ या उत्तरावर आमचा विश्वास नाही.