मदतीचा हिशोब गावापुढे वाचा

सप्टेंबर २०२५ च्या पुरात मराठवाड्यात उभी पिके गेली, माती खरवडून गेली आणि पाठोपाठ शिध्याच्या पिशव्या घेऊन गाड्या आल्या. काही पिशव्यांवर नेत्यांची छायाचित्रे होती, त्यावरून वाद झाला. तो वाद रास्तच होता, पण छायाचित्रापाशीच थांबला. पिशवीत काय घालायचे हे कुणी ठरवले, ज्याच्या दारात ती ठेवली त्याला आधी विचारले होते का, आणि त्या मदतीसाठी गोळा झालेल्या पैशाचा हिशोब तो कुणाकडे मागू शकतो, हे प्रश्न कुणी विचारले नाहीत. लातूर जिल्ह्यातल्या देवणीच्या माणसाला हे प्रश्न समजायला अवघड नाहीत. वानेरा, बालंक्या, शेवरा अशा तीन पोटजातींनी ओळखला जाणारा देवणी गोवंश ज्याच्या दावणीला आहे, त्याची पुरानंतरची पहिली चिंता कडब्याची असते. गंजी वाहून गेली असेल तर घरात चार ब्लँकेटे आली म्हणून जनावर जगत नाही, आणि चाऱ्याअभावी ते पडेल भावात विकावे लागले तर पुढच्या पेरणीला बैल उरत नाही. ब्लँकेट देणाऱ्याच्या मनात खोट नसते. त्याने विचारले नाही आणि न विचारल्याबद्दल त्याला जाब द्यावा लागत नाही, दोष एवढाच आहे. म्हणून माझे म्हणणे असे, की गावात मदत आणणाऱ्या प्रत्येक संस्थेने काय आणणार ते आधी आणि काय खर्च केले ते नंतर, त्याच गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवले पाहिजे.

या म्हणण्याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसे घेतली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची जड माळवदे झोपेतल्या माणसांवर कोसळली. मदतीचा जो ओघ लागला तो मराठवाड्याने त्याआधी पाहिला नव्हता. ५२ गावे नव्या जागी वसवायचे ठरले आणि त्यांतली कितीतरी संस्थांनी 'दत्तक' घेतली. हा शब्द आपण फार सहज वापरतो. दत्तक जाणाऱ्या मुलाला कुणी विचारत नाही. त्याचे गोत्र बदलते आणि नव्या घरात मिळेल त्यात त्याने समाधान मानायचे असते. पुष्कळ गावांचे तसेच झाले. गल्लीबोळांच्या, ओसरीला ओसरी लागलेल्या वस्तीच्या जागी सरळ रस्त्यांची, शहरी वसाहतीसारखी पांगलेली गावे आली. गोठा कुठे असेल, कडबा कुठे रचायचा, दळणकांडण कुठे करायचे, हे नकाशा काढणाऱ्याच्या ध्यानात आले नाही. घराचा आकार जमिनीवर ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यापुढे ७५०. ज्याचे जेवढे घर गेले तेवढे त्याला द्यावे, असे याचे समर्थन करता येते. पण ढिगाऱ्याखाली माणूस भूमिहीनाचाही गेला होता. शून्यातून गाव उभारण्याची संधी हाती असताना जुनी उतरंड नव्या भिंतींत चिणली गेली, याचे मला आजही वाईट वाटते.

त्याच भूकंपाची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. पुनर्वसनाच्या त्याच कार्यक्रमात, ज्याला जागतिक बँकेने मोठे कर्ज दिले होते, स्थलांतर न झालेल्या गावांतल्या सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुती मालकांनी स्वतः करून घ्यायची होती. पैसा हप्त्याहप्त्याने मिळणार, देखरेख घरच्यांची. या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने तेराशेच्या आसपास गावांत महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. कुणाचा हप्ता अडला, भिंतीत भूकंपरोधक आडवा पट्टा घातला की नाही, अभियंता कधी येणार, हे त्या विचारू लागल्या. पैसा इथेही बाहेरचाच होता. फरक असा, की इथे प्रश्न विचारणारे माणूस गावातले होते आणि उत्तर देणे वरच्याला भाग होते. २००१ च्या भुजच्या भूकंपानंतर गुजरातनेही अशीच बहुतेक घरे मालकांच्याच हातून बांधून घेतली.

यावर पहिला आक्षेप येतो तो घाईचा. पूर आलेल्या रात्री ग्रामसभा कशी भरणार? भरणार नाहीच, आणि तशी मागणीही नाही. पाणी, औषध, शिजलेले अन्न न विचारता द्यावे. पण पहिले पंधरा दिवस सरले की घर, बंधारा, शाळाखोली, चारा असे टिकाऊ खर्च सुरू होतात आणि चुका तिथे होतात. त्या वेळी दोन तास गावात बसायला सवड नाही असे कुणी म्हणू नये.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. पैसा देणाऱ्याचा, मग जाब मदत घेणाऱ्याला का द्यायचा? अशा अटी घातल्या तर दाता दुसऱ्या तालुक्यात जाईल. पण तो पैसा सगळाच त्याचा असतो का, हे पाहायला हवे. आयकर कायद्याखाली अशा देणगीवर सवलत मिळू शकते, म्हणजे सरकारने तेवढा कर सोडलेला असतो; तो देवणीच्या दुकानात काडीपेटी घेणाऱ्यानेही भरून काढलेला असतो. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. ते औदार्य राहिले नाही, कर्तव्य झाले. सार्वजनिक न्यास आपले हिशोब धर्मादाय आयुक्तांना देतात, कंपन्या भागधारकांना देतात. ज्याच्या नावाने पैसा खर्ची पडला तो मात्र या दोन्ही ठिकाणी नसतो. उलट २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या १७ व्या कलमाने सरकारी कामाचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे दिले. सरकारी मातीनाल्याचा हिशोब गावाने तपासायचा, आणि शेजारचाच बंधारा देणगीतला म्हणून त्याबद्दल तोंड उघडायचे नाही, याला तर्क नाही. दाता पळून जाईल ही भीतीही मला अवाजवी वाटते. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस चळवळ आणि इतर संस्थांनी १९९४ मध्येच आपल्या आचारसंहितेत लिहून ठेवले, की आपण देणगीदारांइतकेच मदत घेणाऱ्यांनाही उत्तरदायी आहोत, आणि प्रसिद्धीत त्यांची लाचार चित्रे दाखवणार नाही. तरी त्यांच्या देणग्या आटल्या नाहीत.

तिसरा आक्षेप मला खरोखर अस्वस्थ करतो. ग्रामसभा म्हणजे गाव नव्हे. तिथे बोलतो तो बागायतदार, बसतो तो पारावरचा. वेशीबाहेरची वस्ती आणि बायका मागे उभ्या असतात किंवा येतच नाहीत. मग हिशोब वाचला तरी ऐकणार कोण? हे खरे आहे, आणि म्हणूनच नुसता ठराव पुरेसा नाही. यादी वाचायची ती वस्तीवस्तीवर, महिलांची सभा वेगळी, आणि ज्याला काही मिळाले नाही त्याचे नाव आधी. मागे उभे राहणारेही बोलू शकतात, हे आपण पाहिले आहे. १९७२ च्या दुष्काळात मे १९७३ पर्यंत राज्यात जवळपास ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्या पिढीला मदत म्हणून आलेली मिलो ज्वारी आणि सुकडी हे पूरक अन्न आठवते, पण हजेरीपटही आठवतो. मिळेल ती सुकडी मुकाट खावी लागे. हजेरीत खाडा चुकीचा पडला तर मात्र भूमिहीन बाईसुद्धा मुकादमाशी भांडे, कारण ती मजुरी तिची होती आणि कागदावर तिचे नाव होते. गावात कोण बोलू शकतो हे जन्माने ठरते तसे हातात असलेल्या कागदानेही ठरते.

किल्लारीच्या दुरुस्तीच्या कामात तयार झालेल्या अशाच काही बायका २००१ नंतर कच्छात गेल्या. घर बांधण्याआधी काय विचारायचे आणि हप्ता अडला तर कुणाला गाठायचे, हे त्यांनी तिथल्या भूकंपग्रस्त बायकांना सांगितले.