हवालदार बोलत का नाहीत?

दिवाळीत पणती लावताना सीमेवरच्या जवानाची आठवण काढायची आपली रीत चांगलीच आहे. पण तोच जवान पेन्शनीत येऊन आपल्या आळीत राहू लागला, रात्री-अपरात्री दचकून उठू लागला, सुतळी बॉम्ब वाजताच दार लावून बसू लागला, की आपली कृतज्ञता उपदेशाला लागते. “हवालदारसाहेब, डॉक्टरांना दाखवा; मन मोकळे करा!” हवालदार गप्पच राहतात, आणि ‘फौजी माणूस, हट्टीच!’ असा निकाल देऊन आपण चकलीकडे वळतो.

हा निकाल साफ अन्यायाचा आहे. हवालदारांचे मौन हट्टाचे नाही, अनुभवाचे आहे. आपल्या सैन्यात प्रकृतीची श्रेणी पाच अक्षरांत मांडतात आणि त्यांतले पहिलेच अक्षर मनाचे असते. श्रेणी उतरली की बढती अडते, नेमणूक हुकते. ‘झोप येत नाही’ एवढे बोलणेही अंगाशी येईल, या धास्तीत ज्याने पंधरा-सतरा वर्षे काढली, त्याने गणवेशाबरोबर ती धास्तीही खुंटीला टांगावी काय? इतिहासाची साक्षही त्याच्याच बाजूची आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी पळपुटेपणा, भेकडपणा अशा आरोपांखाली आपल्याच तीनशेहून अधिक सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांत तोफांच्या माऱ्याने मन खचलेलेही होते. त्यांना माफी मिळाली २००६ साली!

ज्यांच्यामुळे विश्वास उडाला, तो परत मिळवण्याचे कामही त्यांचेच. ते कसे साधते, हे व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी दाखवले. १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ते आपापसांत बैठकी भरवू लागले. रॉबर्ट लिफ्टनसारखे मानसोपचारतज्ज्ञ तेथे गेले, पण बैठक सैनिकांचीच राहिली. पुढे १९७९ साली सरकारलाच इस्पितळाबाहेर, भर वस्तीत केंद्रे काढावी लागली आणि तेथे माजी सैनिकच समुपदेशक म्हणून बसू लागले.

आपल्याकडे काहीच नाही, असे नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी टेलि-मानसचा खास कक्ष उघडला. पण कायदा कागदावर असतो आणि फोनवरचा आवाज परका असतो. साताऱ्याकडच्या अपशिंग्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या पलटणीला माणसे देणाऱ्या गावात पहिला शब्द काढणारा पलटणीतलाच हवा. डॉक्टर दर खेपेला नवा नको. आणि सांगितलेले कोठे लिहिले जाईल, कोण वाचेल, पेन्शनीला धक्का लागेल का, याचे खरे उत्तर हवालदारांनी विचारण्याआधी त्यांना मिळाले पाहिजे.

आणि वाचकहो, आपण निदान एक करावे. फराळाला आलेल्या फौजीला ‘किती शत्रू मारलेत?’ असे पोरांदेखत विचारू नये. मन मोकळे करायला सांगणाऱ्याने आधी ते ठेवण्याजोगी जागा दाखवावी. मग खुशाल मौनाला नावे ठेवावीत!