ड्रम काढण्याआधी हिशेब करा

सौंसरहून छिंदवाड्याला जायचं तर सिल्लेवानीचा घाट चुकत नाही, आणि परतीच्या उतारावर प्रत्येक गाडीवाल्याला ब्रेकची आठवण होते. जुन्या कारच्या मागच्या चाकांचे ड्रम काढून डिस्क बसवावी, हा विचार तिथेच सुचतो. विचारामागची भीती खरी आहे, हिशेब मात्र चुकीचा. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो आणि मागची चाकं हलकी होतात. थांबवण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढची चाकं करतात, आणि तिथे डिस्क असतेच. शिवाय गाडी किती अंतरात थांबेल हे शेवटी टायरची पकड ठरवते. मागचं चाक जाम करण्याइतकी ताकद ड्रममध्ये असेल, तर डिस्क त्याहून वेगळं काय करणार?

उलट नवे प्रश्न उभे राहतात. ड्रममध्ये चाकाच्या फिरण्यानेच पुढचा शू आणखी आवळला जातो. डिस्कला ही फुकटची मदत नाही. तिला दाब जास्त लागतो आणि कॅलिपरच्या मोठ्या पिस्टनला ब्रेक ऑइलही जास्त लागतं. जुना मास्टर सिलिंडर पुरा पडला नाही तर पेडल खोल जातं. दाबाची वाटणी चुकून मागची चाकं आधी जाम झाली, तर गाडी गिरकी घेते. एबीएसचं गणितही कंपनीने मूळ ब्रेक धरून बसवलेलं असतं. हँडब्रेकची सोय वेगळी करावी लागते, ती निराळीच.

यावर कोणी म्हणेल, ड्रम तापतो, फुगतो आणि घाटात ब्रेक लागेनासा होतो. बरोबर आहे, पण त्यावरचा पहिला इलाज खालचा गिअर आहे. संत्र्याच्या क्रेटांनी मागची बाजू भरली की मागच्या ब्रेकवर काम वाढतं, हेही मान्य. तिथे आधी क्रेट कमी करावेत. महागड्या गाड्यांना चारही डिस्क असतात, कारण त्यांची सगळी यंत्रणाच तशी आखलेली असते. दुसरीकडे फोक्सवॅगनने आयडी.४ या विजेवरच्या नव्या गाडीला मागे ड्रमच दिले. बंद ड्रममध्ये धूळ-चिखल सहज शिरत नाही, हा त्याचा गुण.

कायद्याचाही विचार हवा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

तेव्हा तो पैसा दुसरीकडे लावा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओलावा मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. ते वेळेवर बदला. झिजलेले शू, गळका व्हील सिलिंडर आणि गुळगुळीत टायर बदलून घ्या. मागे डिस्कच हवी असेल, तर कंपनीतूनच तशी आलेली गाडी घ्या.