भाऊ, तुमचे बूट परत घ्या

आमच्या वस्तीत एक रेडर आहे. त्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या त्याला टीममधून काढतील आणि परवा माझ्या दारात दोन मोटारसायकली उभ्या राहतील. वाळूजला नगर रोडच्या कडेनं कंपन्यांची कंपाउंडं संपली की मागं पत्र्याची घरं लागतात, त्यातल्या एका घरातला हा पोरगा. बाप ठेकेदाराकडं. पंधरा वर्षं झाली, गेटवर रोज नवा पास. आई रांजणगावात चार घरची धुणीभांडी करते. पोरगं मात्र चढाईला गेलं की समोरचे सातही जण अंग चोरतात. बोनस घेऊन, एकाला पायानं टिपून, रेषेवर हात टेकवून हसत परत येणार. त्याला हे कुणी शिकवलं नाही. कंपनीच्या भिंतीमागच्या मुरमाड जागेवर, गुडघे फोडून घेत तो शिकला.

चौदा एप्रिलच्या निमित्तानं आमच्या मंडळाचे रात्रीचे सामने होते. फायनलला भाऊ आले. भाऊ म्हणजे कोण ते तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक गावात एक असतो. प्लॉटिंग, पाण्याचे टँकर, लेबर सप्लाय आणि गाडीच्या काचेवर पक्षाचा स्टिकर. भाऊंनी मॅच बघितली, पोराच्या पाठीवर थाप मारली आणि दुसऱ्या दिवशी माणसाकडून बूट पाठवले. मॅटवर घालायचे, कंपनीचे. त्याच्या बापानं ते बूट दोन्ही हातांनी उचलून पाहिले. मी तिथंच होतो. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग भाऊंनी त्याला दुसऱ्या कॉलेजात घातलं. पहिल्या कॉलेजातून टीसी काढला, मार्कशीटा नव्या ऑफिसात जमा झाल्या. "फीचं तू बघू नको, मी हाय ना." झालं. पोरगा इंटर कॉलेज खेळला, पुढच्या वर्षी विद्यापीठाचा कलर होल्डर झाला. दीड वर्ष भाऊंनी काही मागितलं नाही. एक पैसा नाही, एक शब्द नाही.

दोस्तांनो, खरी गोम या न मागण्यातच आहे.

मागणं सुरू झालं ते वाढदिवसापासून. भाऊंच्या बॅनरवर खालच्या रांगेत याचा फोटो. मग छातीवर भाऊंचं तोंड छापलेला टी-शर्ट. मग रॅलीत मोटारसायकलवर झेंडा धरून उभं राहणं. मग दहीहंडीत खालचा थर, कारण मांड्या मजबूत. आणि मग आली निवडणूक. आमच्या गल्लीतली एक बाई उभी होती. पाण्यासाठी दहा वर्षं ग्रामपंचायतीच्या पायऱ्या झिजवलेली बाई. भाऊंचं पॅनल तिच्या विरोधात. आणि पॅनलच्या लोकांपुढं आमच्याच गल्लीत घरोघर चालत कोण आला? आमचा रेडर. पायात तेच बूट. त्याच्या सख्ख्या मावशीनं त्याच्या तोंडावर दार लावलं.

मी त्याला रात्री गाठलं. "कामून गेलास रं?"

"दादा, मार्कशीट त्यांच्याकडं हाये."

एवढंच बोलला. मी काय बोलणार?

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळीकडं सारखंच असतं. एका मॅचमध्ये पकडीत गुडघा फिरला, लिगामेंट गेलं. डॉक्टरनं ऑपरेशनचा आकडा सांगितला तेव्हा बाप खाली बसला. भाऊंचा फोन लागेना. कॉलेजात गेला तर क्लार्क म्हणाला, आधी दोन वर्षांची फी भर. म्हणजे भाऊंनी फी भरलीच नव्हती. शब्द दिला होता, पैसे नाही. भाऊंच्या शब्दावर कॉलेजनं खेळवून घेतलं, आणि खेळणारा निकामी झाल्यावर बिल पोराच्या हातात ठेवलं.

आता तुम्ही म्हणाल, भाऊ हरामखोर. आहेच. पण जरा थांबा. त्या चौदा एप्रिलच्या डीजेचे पैसे कुणी दिले? भाऊंनी. पावती मी फाडली, माझ्या सहीची. पोराला "भाऊला नाही म्हणू नको, आपल्या मंडळाचं पण बघावं लागतं" असं सांगणारे कोण होते? आम्हीच. कॉलर ताठ करून निळे झेंडे मिरवणारे, भाषणात सगळं जग पेटवणारे आम्ही. भाऊंनी त्याला विकत घेतला असं म्हणायचं, तर विकायला कोण बसलं होतं तेही लिहावं लागेल. मी लिहितोय.

हा धंदा जुना आहे. महाभारतातला तो प्रसंग आठवा. राजपुत्रांच्या कसरती चालल्यात, कर्ण मैदानात उतरतो. कृपाचार्य विचारतात, कूळ कोणतं? पोरगा मान खाली घालतो. तेवढ्यात दुर्योधन उठतो आणि जागच्या जागी त्याला अंगदेशाचा राजा करून टाकतो. कर्ण विचारतो, बदल्यात काय देऊ? दुर्योधन म्हणतो, काही नको, फक्त मैत्री. बघा. आमचे भाऊ हेच बोलतात, "पैसे नको रे, फक्त आपला माणूस म्हणून राहा." त्या मैत्रीची किंमत पुढं कुरुक्षेत्रावर वसूल झाली. एकलव्याच्या अंगठ्याबद्दल आपण खूप लिहिलं, ते बरोबरच आहे. द्रोणानं सरळ कापून घेतला, चोरी उघड दिसते. कर्णाचं वेगळं. त्याच्या अंगावर जखम दिसत नाही, अंगावर राज्य दिसतं.

आणि बाळू पालवणकर? चांभाराचा पोर. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदान राखत होता आणि साहेबांना नेटमध्ये चेंडू टाकत होता. पुढं हिंदूंना युरोपियनांना हरवायचं होतं, तेव्हा सनातन्यांना जातीपेक्षा त्याची फिरकी मोठी वाटली. घेतलं टीममध्ये. मैदानात त्यानं हात लावलेला चेंडू सगळ्यांना चालायचा. चहाची वेळ झाली की तो बाहेर, त्याचा चहा वेगळ्या मातीच्या कपात. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यानं शंभरावर बळी घेतले. कप्तानपद त्याला हिंदूंनी कधी दिलं नाही. ते मिळालं त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ साली, आणि तेही भांडून. तर पाठीराखा टाळ्या वाजवतो म्हणजे तो आपल्याला माणूस समजतो, असं धरून चालू नका.

अमेरिकेत याच गोष्टीचं मोठं शास्त्र करून ठेवलंय. तिकडं कॉलेजच्या खेळाला पैसा पुरवणाऱ्या शेठ लोकांना बूस्टर म्हणतात. कॉलेजच्या खेळांची जी मध्यवर्ती संस्था आहे, तिनं त्यांच्यासाठी जाडजूड नियम केले. एकदा देणगी दिली की तो माणूस कायमचा बूस्टर. त्यानं शाळकरी खेळाडूच्या घरी जाऊन "आमच्या कॉलेजात ये" म्हणायचं नाही. जेवण नाही, गाडीतून सोडणं नाही, तिकिटाचे पैसे नाहीत. ऐकायला झकास. १९८७ साली टेक्ससच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात बूस्टरांनी तेरा खेळाडूंना चोरून ६१ हजार डॉलर वाटल्याचं निघालं, तेव्हा फुटबॉलची अख्खी टीम वर्षभर बंद पाडली. त्याच वर्षी टेक्ससच्या गव्हर्नरनं स्वतः कबूल केलं की हे पैसे चालू ठेवण्याच्या निर्णयात मीही होतो. म्हणजे त्यांचेही भाऊ थेट राजभवनात!

पण या नियमांची दुसरी बाजू बघा. फुटबॉल आणि बास्केटबॉल खेळणारी कितीतरी पोरं काळी, गरीब घरातली. त्यांच्या जिवावर कॉलेजं, टीव्हीवाले, कोच अब्जावधी कमावत होते. पोरानं कुणाचा बर्गर खाल्ला तर मात्र चौकशी. जिम थॉर्प नावाचा मूळनिवासी जमातीतला खेळाडू होता. १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकली. कॉलेजात असताना सुट्टीत किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला म्हणून १९१३ साली दोन्ही काढून घेतली. १९८३ साली पदकं घरच्यांना परत दिली, आणि एकट्याचं पहिलं स्थान मान्य करायला २०२२ उजाडलं. तो कधीच मेला होता. नियम शुद्धतेचे, आणि शुद्धता कुणाच्या अंगावर तपासायची हे ठरलेलं. हा वास आपल्याला ओळखीचा आहे.

शेवटी २०२१ मध्ये खेळाडूंना आपल्या नावाचे आणि फोटोचे पैसे घेण्याची मोकळीक मिळाली, आणि २०२५ च्या जुलैपासून कॉलेजं त्यांना थेट पैसे देऊ लागली. खेळाडूच कोर्टात गेले म्हणून हे झालं, कुण्या बूस्टरच्या कृपेनं नाही.

आता कुणी विचारेल, मग गरीब पोरानं मदत घ्यायचीच नाही का? उपाशी खेळायचं? मी असं म्हणत नाही. खाशाबा जाधवांचं घ्या. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. परत आल्यावर कुस्त्यांचं मैदान भरवून, स्वतः लढून त्यांनी ते कर्ज फेडलं. त्या मास्तरनं बॅनर लावला नाही. पण हेही बघा, देशाचं पदक आणणारा पैलवान कर्ज फेडायला पुन्हा आखाड्यात, आणि सरकार कुठं होतं? सरकारचं आजही तेच. आमच्या शहरात २०२४ च्या डिसेंबरात विभागीय क्रीडा संकुलाच्या खात्यातून एकवीस कोटींहून जास्त रक्कम वळवल्याचा गुन्हा नोंदला गेला. आरोपी कोण, तर तेरा हजार पगाराचा कंत्राटी पोरगा. एकवीस कोटी! आणि आमच्या रेडरला क्रेप बँडेज मीच आणून दिलं.

मला जास्त विचार करायला लावला बाबासाहेबांच्या बाँडनं. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन ते अमेरिकेला गेले. साडेअकरा पौंड महिना, तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी. सगळं कागदावर, सही करून. १९१७ मध्ये ते बडोद्याला गेले. शिपाई लांबून फायली फेकत, राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतून लोकांनी काठ्या घेऊन हाकललं. बाबासाहेब नोकरी सोडून मुंबईला आले. देणारा मोठ्या मनाचा होता तरी ही वेळ आली. पण काय द्यायचंय आणि किती वर्षं, ते लिहिलेलं होतं. लिहिलेल्या अटीशी भांडता येतं. भाऊंच्या "आपला माणूस" या शब्दाशी कुठल्या कोर्टात भांडणार?

म्हणून मी मंडळात विषय काढला. नियम करू या, पण ते पोरांवर नकोत. पोरांवर नियम घालायला विद्यापीठ आहे, वयाची अट आहे, बोनाफाईड आहे, हजेरी आहे. नियम पाठीराख्यांवर घालू या, म्हणजे आधी आपल्यावर. ज्याला द्यायचंय त्यानं मंडळाच्या वहीत लिहून द्यावं. पोराच्या हातात, त्याच्या घरी, रात्री, एकट्यात काही द्यायचं नाही. टीसी आणि मार्कशीट पोराच्या घराबाहेर जाणार नाही. कॉलेजात झेरॉक्स, अस्सल दाखवून परत. फी भरतो म्हणणाऱ्यानं पावती आणून दाखवावी, मगच टाळ्या. गुडघा गेला तर पुढं काय, हे बूट देतानाच बोलायचं. आणि खेळाडूला कुठल्याही बॅनरवर, रॅलीत, स्टेजवर उभं करायचं नाही. आपल्यासुद्धा. चौदा एप्रिलच्या आपल्या मिरवणुकीतही त्याला वाटलं तर येईल, नाहीतर झोपेल. रात्रभर नाचवून सकाळी ट्रायलला पाठवलेली पोरं मी बघितलीत.

यावर लई आरडाओरडा झाला. एक जण म्हणाला, मग आपल्याला वर्गणी कोण देणार? दुसरा म्हणाला, भाऊ चिडतील. तिसरा, जो पँथरच्या गोष्टी सांगताना थकत नाही, तो म्हणाला, "आत्ता नको, निवडणूक होऊ दे." मी म्हणालो, तुझा पँथर रिंगमास्तरची परवानगी घेऊन डरकाळी फोडतो का रे? तो अजून माझ्याशी बोलत नाही. सात जण नियमाच्या बाजूनं, नऊ विरोधात. हरलो. पण त्या सातात तीन पोरी आहेत, खो-खो खेळणाऱ्या, आणि त्यांना हे सगळं आमच्याआधीच कळलं होतं. एकीनं सांगितलं, तिच्या गावी पाठीराखा घरी सोडायला गाडी पाठवायचा, म्हणून तिच्या बापानं तिचा खेळच बंद केला होता. गाडीवाल्याला कुणी काही विचारलं नाही.

आमचा रेडर आता लंगडत चालतो, पण चालतो. ऑपरेशनसाठी वस्तीनं पैसे जमवले, थोडे कमी पडतात. बूट त्यानं धुऊन, पेपरात गुंडाळून माझ्याकडं आणून ठेवलेत. म्हणाला, "दादा, तूच देऊन ये, मला बघून ते गोड बोलतील." मी दोनदा भाऊंच्या ऑफिसापर्यंत जाऊन परत आलो. भिती वाटते, त्यात लपवायचं काय?

दरम्यान त्याचा धाकटा भाऊ दहावीत गेलाय. तोही चढाई करतो, डावखुरा आहे. परवा सामन्याला भाऊंचा माणूस येऊन बसला होता. मॅच संपल्यावर त्यानं पोराला हाक मारून पायाचं माप विचारलं. पोरानं माझ्याकडं बघितलं. मी वही विकत आणलीय, लाल पुठ्ठ्याची. रकाने आखलेत: कोणी दिलं, काय दिलं, कशासाठी, बदल्यात काय. पहिल्या ओळीत माझे चारशे रुपये लिहिलेत, शेवटच्या रकान्यात रेघ मारलीय. त्या माणसाला मी वही आणि पेन पुढं केलं. त्यानं वाचलं, हसला, "उद्या येतो" म्हणाला.

अजून आलेला नाही. पोरगं आज जुन्याच बुटात खेळलं, सोल सुटलाय, दोऱ्यानं बांधून.