टाचांचंही ऐका जरा!

चेहऱ्याला सनस्क्रीन, केसांना सीरम आणि टाचा? त्या लपल्या शूजमध्ये! मग शुक्रवारी सँडल्स घालायची वेळ आली की धावाधाव. दुकानात हाताला लागेल ती ट्यूब, त्यातही पुदिन्याच्या वासाची. गार वाटतं खरं, पण ती करामत मेंथॉलची. टाच काही त्यानं मऊ होत नाही.

तळपायाला तेलग्रंथीच नसतात, त्यामुळे स्निग्धपणा बाहेरूनच द्यावा लागतो. तेव्हा किंमत नंतर बघा, आधी ट्यूबमागची बारीक अक्षरं वाचा. पाय नुसतेच कोरडे असतील तर ग्लिसरीन किंवा १० टक्के युरिया पुरे. जाड, खरखरीत टाचांना २० ते २५ टक्के युरिया हवा. तो पाणी धरून ठेवतो आणि कडक थर सैल करतो. भेगेतून रक्त येत असेल तर मात्र युरिया सणसणून झोंबतो, तिथे साधी पेट्रोलियम जेलीच बरी. जेली ओलावा देत नाही, असलेला अडवते. म्हणून आंघोळीनंतर पाय टिपून, जरासे ओलसर असतानाच लावायची. कोकणातल्या आज्या भेगांमध्ये मुठेल भरतात ना, ते कोकमाचं तेलही हेच काम करतं. बोटांच्या बेचक्यात मात्र काहीच नको, तिथे ओल राहिली की बुरशी आलीच. आणि वर सुती मोजे चढवा, नाहीतर फरशीवरून घसराल!

डायबेटिस असेल तर ब्लेड, घासणी सगळं बाजूला ठेवा आणि भेग दिसताच डॉक्टर गाठा. अशा पायाला कधीकधी जखम झालेली कळतही नाही, आणि ती भरायलाही वेळ लागतो.